निरोगी कंट्रोल कुठून आणायचे? स्किझोफ्रेनियावरच्या तुलनात्मक अभ्यासाची पायरीपायरीने तयारी

१९५७ साली स्टिग ओकरफेल्ट या स्वीडिश संशोधकाने एक साधी रक्तचाचणी प्रसिद्ध केली. सीरममध्ये एक रसायन मिसळायचं. सीरम स्किझोफ्रेनिया असलेल्या व्यक्तीचं असेल तर रंग भराभर चढतो, निरोगी माणसाचं असेल तर सावकाश. मानसिक आजाराची रक्तचाचणी हाती लागली, असं काही काळ वाटलं. इतरांनी ती तपासून पाहिली तेव्हा निराळंच निघालं. रुग्ण वर्षानुवर्षं रुग्णालयाचं जेवण जेवत होते आणि त्यांच्या शरीरात क जीवनसत्त्व कमी होतं. रंगातला फरक बराचसा त्यामुळे पडत होता. त्याच सुमारास रुग्णांच्या लघवीत काही फिनॉलिक आम्लं वेगळ्या प्रमाणात सापडली होती. १९५९ मध्ये लक्षात आलं की त्यांचा संबंध कोण किती कॉफी पितो याच्याशी आहे.

आता मेंदूच्या छायाचित्रणाकडे या. १९७६ मध्ये लंडनजवळच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयात ईव्ह जॉनस्टोन, टिम क्रो आणि सहकाऱ्यांनी सीटी स्कॅन वापरून दाखवलं की दीर्घकाळ स्किझोफ्रेनिया असलेल्यांच्या मेंदूतल्या पोकळ्या, म्हणजे व्हेंट्रिकल, मोठ्या असतात. पुढे तसे अनेक अभ्यास झाले. काहींना फरक दिसला, काहींना नाही. १९८६ मध्ये स्मिथ आणि आयकोनो यांनी हे अभ्यास शेजारी शेजारी ठेवले. फरक सापडलेल्या आणि न सापडलेल्या अभ्यासांत रुग्णांच्या व्हेंट्रिकलचा आकार साधारण सारखाच होता. बदलत होते ते कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी घेतलेली, हा आजार नसलेली माणसं. इतर तक्रारींसाठी स्कॅन झालेले आणि 'स्कॅन नॉर्मल' असा शेरा मिळालेले रुग्ण कंट्रोल म्हणून घेतले, की फरक मोठा दिसायचा. मोठी व्हेंट्रिकल असलेली माणसं त्या शेऱ्यामुळे आधीच गाळली गेली होती. पुढे एमआरआयवर मूळ निष्कर्ष टिकला, पण फरकाचं माप किती, हे बरंचसं कंट्रोल निवडणाऱ्याच्या हातात होतं.

मानसोपचारात एमडी करणारे, क्लिनिकल सायकॉलॉजीत एमफिल करणारे आणि मनोविकार-सामाजिक कार्यातले विद्यार्थी यांच्यासाठी हा लेख आहे. 'स्किझोफ्रेनिया असलेले ५० आणि निरोगी ५०' अशा आराखड्याचे प्रबंध आपल्याकडे भरपूर होतात. त्यात रुग्णांची निवड काळजीने होते, आणि कंट्रोल मात्र शेवटच्या दोन महिन्यांत, जिथून मिळतील तिथून गोळा केले जातात. माझं म्हणणं एवढंच आहे की अभ्यासाचं निम्मं वजन त्या दुसऱ्या गटावर आहे, तेव्हा निम्मी मेहनतही तिथेच जायला हवी.

पुढे एकच उदाहरण धरून चालू या: जिल्ह्याच्या ठिकाणच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या ओपीडीत येणाऱ्या, प्रकृती स्थिर असलेल्या व्यक्तींची शाब्दिक स्मृती आणि विचारप्रक्रियेचा वेग निरोगी व्यक्तींपेक्षा किती कमी आहे?

पायरी १: प्रश्न एका वाक्यात लिहा

विषय ठरला म्हणजे प्रश्न ठरला, असं नाही. वरच्या उदाहरणातच तीन वेगवेगळे प्रश्न दडलेले आहेत. आजारामुळे स्मृती कमी होते का? कमी स्मृती ही आजाराआधीपासूनच असते का? की आज उपचार घेत असलेल्या माणसाला रोजच्या कामात किती अडचण येते, एवढंच मोजायचं आहे? तिसऱ्या प्रश्नासाठी औषधाचा परिणाम वेगळा काढायची गरजच नाही, कारण तो माणूस औषध घेऊनच जगतो आहे. पहिल्या प्रश्नासाठी मात्र औषध हा मोठा अडथळा आहे. दुसऱ्यासाठी कदाचित बाधित नसलेली भावंडं जास्त उपयोगी पडतील.

निरोगी कंट्रोल लागतातच का, हेही इथेच विचारा. क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियावरचं औषध घेणाऱ्या रुग्णांत वजन किती वाढतं हे पाहायचं असेल, तर तुलना दुसऱ्या औषधावरच्या रुग्णांशी व्हायला हवी. निरोगी माणसांशी तुलना करून क्लोझापिनचं काही कळत नाही. गरज नसेल तर निरोगी गट घेऊ नका. कागदावर तो भारदस्त दिसतो, पण उत्तरात भर घालत नाही.

पायरी २: रुग्णगटाची चौकट

निदान कोणत्या निकषांवर, ते नेमकं ठरवा. डीएसएम-५ या अमेरिकी निदानपुस्तिकेत आजाराची चिन्हं सलग ६ महिने असावी लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० आणि आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणांत १ महिना पुरतो. म्हणजे आयसीडीने निवडलेल्या गटात नुकताच आजार सुरू झालेले काही जण येतील, जे डीएसएमच्या गटात येणार नाहीत. केसपेपरवरच्या निदानावर थांबू नका. एससीआयडी किंवा मिनी यांपैकी एक रचनाबद्ध मुलाखत स्वतः घ्या, तिचं प्रशिक्षण घेऊन.

'प्रकृती स्थिर' म्हणजे काय, हेही आकड्यात हवं. पॅन्स या लक्षणांच्या मापनपट्टीत ३० बाबी आहेत आणि प्रत्येकीला १ ते ७ गुण. २००५ मध्ये अँड्रिअसन आणि सहकाऱ्यांनी सुचवलेला निकष सोयीचा आहे: ठरावीक ८ बाबींवर ३ किंवा त्याहून कमी गुण, आणि ही स्थिती ६ महिने टिकलेली. तो फार कडक वाटला तर 'गेल्या ३ महिन्यांत औषध बदललेलं नाही आणि भरती व्हावं लागलेलं नाही' असा साधा निकषही चालेल. पण माहिती गोळा करायला सुरुवात करण्यापूर्वी तो लिहून ठेवलेला असावा.

रुग्ण कुठून येतात त्यावर गटाचा चेहरा ठरतो. येरवडा, ठाणे, नागपूर किंवा रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात दीर्घकाळ राहणारी व्यक्ती आणि दर महिन्याला ओपीडीत येऊन औषध नेणारी, शेतात किंवा दुकानात काम करणारी व्यक्ती यांना एकाच पिशवीत घालू नका. पहिल्या गटात आजाराबरोबर संस्थेतल्या आयुष्याचाही परिणाम मोजला जातो. ओकरफेल्टच्या चाचणीत झालं ते हेच.

औषधांची नोंद हा इथला सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात मोलाचा भाग. प्रत्येक अँटीसायकोटिकचा, म्हणजे भास-भ्रम कमी करणाऱ्या औषधाचा, डोस क्लोरप्रोमाझिन या जुन्या औषधाच्या तुल्यमात्रेत (तेवढाच परिणाम करणाऱ्या मात्रेत) बदला. एका प्रचलित तक्त्यानुसार १०० मिग्रॅ क्लोरप्रोमाझिन म्हणजे ५ मिग्रॅ ओलान्झापिन किंवा २ मिग्रॅ रिस्पेरिडोन. जागतिक आरोग्य संघटनेच्या ठरावीक दैनिक मात्रा वापरल्या तर ही दोन औषधं १० आणि ५ मिग्रॅ अशी बसतात, म्हणजे गुणोत्तर बदलतं. कोणतीही एक पद्धत घ्या, ती नाव घेऊन सांगा आणि मध्येच बदलू नका.

आणि ट्रायहेक्सीफेनिडिल, म्हणजे अँटीसायकोटिकमुळे येणारा ताठरपणा आणि कंप कमी करायचं औषध, विसरू नका. आपल्याकडच्या कितीतरी चिठ्ठ्यांवर अँटीसायकोटिकच्या खाली ते २ मिग्रॅ लिहिलेलं असतं आणि वर्षानुवर्षं तसंच चालू राहतं. हे औषध स्मृतीवर थेट परिणाम करतं. स्मृतीच मोजायला निघालात आणि कोण ट्रायहेक्सीफेनिडिलवर आहे हेच लिहिलं नाहीत, तर हाती आलेला फरक कशाचा, ते सांगता येणार नाही. लोराझेपाम, क्लोनाझेपाम ही चिंता आणि झोपेसाठीची औषधं आणि गेल्या ६ महिन्यांतले शॉक उपचार यांचीही नोंद हवीच.

औषधाचा मेंदूवर परिणाम ही नुसती शंका नाही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी मकाक माकडांना दीड-दोन वर्षं हॅलोपेरिडॉल किंवा ओलान्झापिन दिल्यावर त्यांच्या मेंदूचं वजन ८ ते ११ टक्क्यांनी कमी भरलं. म्हणून मेंदूचा आकार, प्रोलॅक्टिन हे संप्रेरक, साखर, वजन, चरबी असं काही मोजायचं असेल, तर अजून औषध सुरू न झालेले पहिल्या खेपेचे रुग्ण शोधा. ते सावकाश मिळतात. आराखड्यात त्यासाठी जास्त वेळ धरा.

पायरी ३: कंट्रोल कुठून आणायचे

एक कसोटी कायम मनात ठेवा: या माणसाला उद्या हाच आजार झाला, तर तो माझ्याच ओपीडीत येईल का? 'येईल' असं उत्तर असलेली माणसं तुमचे कंट्रोल. रुग्ण ज्या वस्तीतून, ज्या वर्गातून, ज्या एसटीने येतात, तिथूनच ती आली पाहिजेत.

या कसोटीवर सगळ्यात पहिल्यांदा नापास होतात ते निवासी डॉक्टर, परिचारिका, वैद्यकीय विद्यार्थी आणि तुमचे स्वतःचे मित्र. ते हाताशी असतात, वेळेवर येतात, नाही म्हणत नाहीत. पण तालुक्याच्या गावातून आलेल्या, सातवीनंतर शाळा सुटलेल्या माणसाची तुलना आयुष्यभर परीक्षा देत आलेल्या माणसाशी केली, तर स्मृतीतला फरक सापडणारच. तो शोधायला अभ्यासाची गरज नव्हती. रक्तदातेही जपून घ्या. रक्तदानासाठी निवडतानाच त्यांच्यातले आजारी गाळलेले असतात.

सोबत आलेले नातेवाईक, म्हणजे शुभंकर, हा दुसरा सोपा मार्ग. पत्नी, मेहुणा, वहिनी चालतील, पण सख्खा भाऊ, बहीण, आई, वडील नकोत. जवळच्या रक्ताच्या नातेवाइकांत आजाराचा धोका इतरांच्या अनेक पट असतो आणि स्मृतीचा सौम्य उणेपणाही दिसतो. शिवाय वर्षानुवर्षं सांभाळ करणाऱ्याची झोप, चिंता आणि थकवा चाचणीत उतरतो, हे वेगळंच.

शेजारी घेण्याचा सल्ला पाश्चात्य पाठ्यपुस्तकांत सापडतो. आपल्याकडे तो अमलात आणताना फार सावध राहा. रुग्णाच्या गल्लीत जाऊन 'आम्ही मानसोपचार विभागातून आलो आहोत' म्हटलंत, तर त्या घराने जपलेली गोष्ट तुम्ही अख्ख्या गल्लीला सांगितलीत. मुलीचं लग्न ठरायचं असेल, तर त्याचे परिणाम त्या कुटुंबाने भोगायचे. अशा घरावरून जाण्यापेक्षा त्याच तालुक्यातल्या दुसऱ्या गावात ग्रामपंचायतीच्या किंवा आशाताईंच्या मदतीने मतदार यादीतून नावं काढा. वेळ जास्त लागतो, पण एवढी भक्कम पद्धत दुसरी नाही.

ते जमण्यासारखं नसेल तर मधला मार्ग म्हणजे त्याच रुग्णालयातल्या इतर विभागांत रुग्णांसोबत आलेली माणसं. नेत्रविभागात आईला मोतीबिंदूसाठी घेऊन आलेला मुलगा, अस्थिविभागात भावाचं प्लास्टर काढायला आलेला माणूस. ते त्याच जिल्ह्यातले, बहुधा त्याच आर्थिक थरातले असतात आणि सरकारी दवाखाना हाच त्यांचाही आधार असतो. एकाच विभागावर अवलंबून राहू नका, दोन-तीन विभागांतून घ्या.

आता 'निरोगी' शब्दाचा अर्थ ठरवा. कंट्रोलचीही मिनी मुलाखत घ्यायची, स्वतःला किंवा पहिल्या नात्यातल्या कुणाला सायकोसिस (भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटणं) झाला होता का ते विचारायचं. घरात कुणी वेगळं वागायचं का, कुणी घर सोडून गेलं का, कुणाला उपचारासाठी दर्ग्यात किंवा देवस्थानात नेऊन ठेवलं होतं का, असं विचारलं तर खरी माहिती मिळते. 'मानसिक आजाराचा इतिहास आहे का' या प्रश्नाला बहुतेक जण 'नाही' म्हणून मोकळे होतात.

गाळणी मात्र दोन्ही गटांना एकच लावा. कंट्रोलमधून मधुमेह, डोक्याला मार, दारूचं व्यसन, नैराश्य असलेले सगळे काढून टाकले आणि रुग्णांत मधुमेह, मार, दारू असलेले तसेच ठेवले, तर फरक स्किझोफ्रेनियाचा आहे की या सगळ्यांची बेरीज आहे, ते कळणार नाही. केनेथ केंडलर यांनी १९९० मध्ये अशा अतिनिरोगी कंट्रोल गटांच्या धोक्याबद्दल स्पष्ट लिहिलं होतं, तरी ही चूक अजून सर्रास होते. सायकोसिस नसणं ही अट फक्त कंट्रोलला. बाकी प्रत्येक अट दोघांना.

तंबाखूचं काय करायचं? आपल्या भागात ती गाळायला गेलात तर दोन्ही गट ओस पडतील. गाळू नका, मोजा. आणि बिडी-सिगारेट वेगळी, तंबाखू-चुना, गुटखा, मिशरी वेगळी अशी मोजा. धुरातले काही घटक यकृतातलं एक एन्झाइम वाढवतात आणि त्यामुळे ओलान्झापिन आणि क्लोझापिनची रक्तातली पातळी खाली येते. चघळण्याच्या तंबाखूने तसं होत नाही. शेवटची तलफ किती वाजता भागवली, हेही लिहा. लक्ष एकाग्र करण्यावर त्याचा परिणाम होतो.

पायरी ४: जुळवणी, आणि शिक्षणाचा पेच

वय आणि लिंग जुळवा, त्यात वाद नाही. राहण्याचं ठिकाण, ग्रामीण की शहरी, हेही जुळवता आलं तर उत्तम. आर्थिक स्तरासाठी शहरात कुप्पुस्वामी मापनपट्टी आणि ग्रामीण भागात बी. जी. प्रसाद वर्गीकरण वापरलं जातं. दोन्हींतल्या उत्पन्नाच्या मर्यादा महागाईनुसार बदलतात, म्हणून ताजा तक्ता घ्या.

खरा प्रश्न शिक्षणाचा. स्किझोफ्रेनिया बहुधा किशोरवयाच्या शेवटी किंवा विशीत सुरू होतो, आणि त्याआधीची एक-दोन वर्षंही हातची गेलेली असतात. बारावीत मुलगा अचानक गप्प झाला, कॉलेज सुटलं, परीक्षा राहिली. म्हणजे त्याचं कमी शिक्षण हा आजाराचाच परिणाम आहे. आता त्याच्या शेजारी बारावी नापास कंट्रोल बसवला, तर दोन अडचणी येतात. एक, आजाराने घडवलेला फरक तुम्ही स्वतःच पुसून टाकलात. दोन, आजार नसताना बारावीत अडकलेला माणूस त्याच्या घरच्या आणि वस्तीच्या मानाने खालच्या टोकाचा असू शकतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल मील यांनी १९७० च्या सुमारास या जुळवणीच्या सापळ्याकडे लक्ष वेधलं. शिक्षण मुळीच न जुळवणंही बरोबर नाही, कारण शाळेत गेल्याने चाचणीचे गुण वाढतात हेही खरं आहे.

यावर बहुतेक अभ्यासक आई-वडिलांचं शिक्षण जुळवतात. ते आजाराआधीच ठरलेलं असतं आणि घरातल्या संधींचा अंदाज देतं. आपल्याकडे पन्नाशीच्या रुग्णाची आई बऱ्याचदा अजिबात शाळेत गेलेली नसते, म्हणून दोघांपैकी जास्त शिकलेल्याचं शिक्षण धरा. व्यक्तीचं स्वतःचं शिक्षण नोंदवायचं, जुळवायचं नाही. भावंडांचं शिक्षणही विचारा. त्याच घरातला भाऊ पदवीधर आणि रुग्ण दहावी, एवढ्यावरून बरंच कळतं.

एकास एक जोडी लावलीत तर विश्लेषणही जोडीचंच करावं लागेल, हे आत्ताच ध्यानात घ्या. नवख्याला गटाच्या पातळीवर जुळवणी सोपी जाते: २० ते २९ वयाचे पुरुष रुग्ण १२ असतील, तर तेवढेच कंट्रोल. जुळवणी झाल्यावर 'पी ०.०५ पेक्षा जास्त आला, म्हणजे गट सारखे' असं लिहू नका. पी-मूल्य म्हणजे मुळात फरक नसताना एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता, आणि लहान गटात मोठा फरकही त्यात दिसत नाही. सरासरीतला फरक प्रमाण विचलनाच्या (आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत त्या मापाच्या) किती पट आहे, ते पाहा.

पायरी ५: किती माणसं लागतील

'आधीच्या प्रबंधात ३० होते' हे उत्तर नाही. दोन समान गटांसाठी, ८० टक्के पॉवर (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) आणि ५ टक्के पातळी (फरक नसताना तो दिसण्याची शक्यता) धरून, एक अंदाज तोंडी करता येतो: १६ ला अपेक्षित फरकाच्या वर्गाने भागा. फरक प्रमाण विचलनात मोजायचा. तो ०.८ असेल तर प्रत्येक गटात २५, ०.५ असेल तर ६४, आणि ०.३ असेल तर १७८ च्या आसपास.

स्मृतीसाठी फरक मोठा अपेक्षित असतो. १९९८ मध्ये हाइनरिक्स आणि झाकझानिस यांनी २०४ अभ्यास एकत्र करून शाब्दिक स्मृतीतला फरक १.४१ इतका काढला होता. हा आकडा जसाच्या तसा घेऊन 'प्रत्येक गटात ८ जण पुरेत' असं मात्र म्हणू नका. आई-वडिलांचं शिक्षण जुळवल्यावर आणि गाळणी दोघांना सारखी लावल्यावर तुमचा फरक कमी भरेल. ०.७ किंवा ०.८ धरा, त्यावर गळतीसाठी दहा-पंधरा टक्के जास्त. रुग्ण मिळणं अवघड असेल तर एका रुग्णामागे दोन कंट्रोल घ्या. चारच्या पुढे गेलात तर श्रमाच्या मानाने फायदा नगण्य.

पायरी ६: संमती

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये मंजूर झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याचं कलम ९९ संशोधनाबद्दल आहे: नुसती मुलाखत घ्यायची असली तरी त्या व्यक्तीची मुक्त आणि माहितीपूर्ण संमती हवी. व्यक्ती संमती देऊ शकत नसेल, पण विरोधही करत नसेल, तर हस्तक्षेपाच्या संशोधनासाठी राज्य प्राधिकरणाची परवानगी लागते. प्रबंधासाठी या वाटेला जाऊ नका. संमती देण्याची क्षमता असलेल्यांनाच घ्या आणि त्यामुळे गट सौम्य आजाराकडे झुकला, हे लिहा.

निदान झालं म्हणजे क्षमता गेली, असं मुळीच नाही. प्रकृती स्थिर असलेले बहुतेक शुभार्थी, म्हणजे आजार असलेल्या व्यक्ती, नीट समजावल्यावर स्वतःचा निर्णय घेतात. क्षमता तपासायला यूबॅक ही १० प्रश्नांची छोटी चाचणी आहे. २००७ मध्ये कॅलिफोर्नियात तयार झाली. तिचा गाभा साधा आहे: समजावून सांगा, मग त्यांनाच त्यांच्या शब्दांत सांगायला लावा. 'मी नाही म्हटलं तर माझ्या गोळ्या बंद होतील का?' हा प्रश्न बहुतेकांच्या मनात असतो आणि फार थोडे तो विचारतात. तो तुम्हीच काढा आणि उत्तर द्या. उपचार करणारा डॉक्टर आणि संमती घेणारा माणूस वेगवेगळे असले तर जास्त चांगलं.

एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी भरून द्या, दोन्ही गटांना सारखीच. आणि तपासणीत एखाद्या कंट्रोलला नैराश्य निघालं, आत्महत्येचे विचार निघाले, साखर वाढलेली निघाली तर त्याला कुठे, कुणाकडे पाठवायचं, हे एथिक्स कमिटीच्या अर्जातच लिहा. माहिती गोळा करायला लागण्यापूर्वी सीटीआरआय या भारतीय नोंदणीवर अभ्यास नोंदवा. निरीक्षणात्मक अभ्यासही तिथे घेतले जातात.

पायरी ७: चाचणीचा दिवस

एक नेहमीचं दृश्य पाहा. रुग्ण पहाटेच्या एसटीने निघाला, केसपेपरच्या रांगेत उभा राहिला, डॉक्टरांना भेटला, औषधांच्या रांगेतून बाहेर पडला आणि दीड वाजता उपाशीपोटी तुमच्यासमोर बसला. बाहेर दार वाजतंय, सोबत आलेले काका परतीच्या गाडीची वेळ सांगताहेत. कंट्रोल मात्र सकाळी अकराला, चहा-नाश्ता करून, शांत खोलीत. या दोघांच्या गुणांतल्या फरकाला स्किझोफ्रेनिया असं नाव देता येणार नाही. खोली तीच, वेळ तीच, तपासणारा तोच, आधी चहा-बिस्किट दोघांनाही. जमल्यास रुग्णाला ओपीडीच्या गर्दीचा वार सोडून वेगळ्या दिवशी बोलवा.

आधी सगळे रुग्ण आणि मग सगळे कंट्रोल असा क्रम लावू नका. वर्षभरात तुमचा हात बसतो, सूचना देण्याची पद्धत बदलते. दोन रुग्ण, दोन कंट्रोल असं मिसळत चला. रक्ताचे नमुने असतील तर दोन्ही गटांचे नमुने एकाच किटवर, एकाच प्लेटवर मिसळून लावा.

आकडा-चिन्ह जुळवायची चाचणी स्किझोफ्रेनियात सगळ्यात मोठा फरक दाखवणाऱ्यांपैकी आहे. ती घेताना कागदाऐवजी हाताकडे बघा. अँटीसायकोटिकमुळे बोटं ताठरलेली असतील, पेन्सिल धरताना कंप असेल, तर ठरलेल्या वेळेत चौकोन कमी भरतील, डोक्यात उत्तर तयार असलं तरी. यावर साधा उपाय आहे: तेवढाच वेळ देऊन नुसती चिन्हं पाहून उतरवायला सांगा. त्या गतीशी ताडून पाहिलं की हाताचा भाग किती आणि विचाराचा किती, ते वेगळं काढता येतं. सोबत सिम्पसन-अँगस पट्टीवर ताठरपणाचे गुण नोंदवा.

शब्दांच्या यादीची चाचणी घ्यायची तर मराठीसाठी प्रमाणित केलेली यादी वापरा, घाईने केलेलं भाषांतर नको. खानदेशात घरी अहिराणी बोलणारा, सिंधुदुर्गात मालवणी बोलणारा, गोव्यात कोकणी बोलणारा माणूस मराठी यादीवर थोडा अडखळेल. घरची भाषा कोणती ते लिहा आणि शक्य तिथे तीही जुळवा. म्हणींचा अर्थ विचारून अमूर्त विचार मोजण्याची जुनी रीत संशोधनात टाळलेलीच बरी. त्यात शाळा आणि घरचं वळण जास्त मोजलं जातं.

गुण देणाऱ्याला गट माहीत नसावा. समोर बसलेल्याचा चेहरा आणि चाल पाहून तो कळतोच, म्हणून उत्तरपत्रिकांना सांकेतिक क्रमांक द्या आणि गुणदान दुसऱ्याकडून करून घ्या.

पायरी ८: विश्लेषण

मुख्य तुलना कोणती, ते आधीच ठरवलेलं असावं. २० चाचण्या लावल्या आणि त्यांतली एक ०.०४ वर आली, तर तो निकाल धरू नका. २० तुलनांसाठी बॉन्फेरोनीची मर्यादा, म्हणजे ०.०५ ला तुलनांच्या संख्येने भागून येणारी, ०.००२५ आहे.

संख्याशास्त्रज्ञाकडे गेलात की 'शिक्षण आणि आयक्यू कोव्हेरिएट म्हणून घालू', म्हणजे गणितात त्यांचा परिणाम वजा करू, असा सल्ला मिळतो. इथे थांबा. कोव्हेरिएट हा आजाराचाच परिणाम असेल, तर त्याला 'समान' केल्याने आजाराचाच तुकडा कापला जातो. कोणत्या गोष्टी आजाराआधीच्या आणि कोणत्या नंतरच्या, याचं बाणांचं एक चित्र कागदावर काढून संख्याशास्त्रज्ञाकडे न्या. वय, लिंग, आई-वडिलांचं शिक्षण बिनधास्त घाला. स्वतःच्या शिक्षणासह आणि त्याशिवाय असे दोन्ही निकाल छापा.

औषधाच्या डोसचा गुणांशी संबंध फक्त रुग्णगटात तपासता येतो. संबंध दिसला नाही म्हणून औषध निर्दोष ठरत नाही, आणि दिसला म्हणून दोषी ठरत नाही, कारण ज्याचा आजार जास्त त्याला डोसही जास्त दिलेला असतो.

चाचणी अर्धवट सोडलेल्यांना मुकाट्याने गाळू नका. ते बहुधा जास्त त्रासात असलेले असतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सरासरीतला फरक म्हणजे माणसामाणसातला फरक नव्हे. फरक १.४१ असला तरी दोन्ही गटांचे आलेख जवळपास निम्मे एकमेकांवर येतात. कितीतरी शुभार्थींची स्मृती कितीतरी निरोगी माणसांपेक्षा चांगली असते. म्हणून प्रत्येक व्यक्तीचा ठिपका दिसेल असा आलेख द्या, नुसते दोन स्तंभ नकोत.

'या चाचणीने ८५ टक्के अचूकतेने निदान करता येतं' हे वाक्य तर लिहूच नका. ५० रुग्ण आणि ५० निरोगी अशा गटात ते खरं असेल. पण २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात स्किझोफ्रेनिया आणि तत्सम सायकोसिसचं तत्कालीन प्रमाण सुमारे ०.४ टक्के आढळलं होतं. दहा हजार लोकांत ४० जण. ८५ टक्के संवेदनशीलता (आजारी व्यक्ती ओळखण्याचं प्रमाण) आणि तेवढीच विशिष्टता (निरोगी व्यक्ती निरोगी म्हणून ओळखण्याचं प्रमाण) धरली, तर त्यांतले ३४ सापडतील आणि निरोगी असलेल्या १,४९४ जणांवर चुकीचा शिक्का बसेल. शिवाय डॉक्टरसमोरचा खरा प्रश्न स्किझोफ्रेनिया की निरोगी हा नसतोच. स्किझोफ्रेनिया की बायपोलर, की दारूमुळे झालेला सायकोसिस, असा तो असतो. निदानाबद्दल काही म्हणायचं असेल तर तिसरा गट त्या रुग्णांचा घ्या.

पायरी ९: लिहिताना

स्ट्रोब, म्हणजे निरीक्षणात्मक अभ्यासाच्या अहवालात काय काय हवं याची २२ बाबींची यादी, समोर ठेवून लिहा. दोन्ही गटांत किती जणांना विचारलं, किती नाही म्हणाले, किती गाळले, कोणत्या कारणाने, याचा आराखडा दोन्ही बाजूंनी द्या. प्रबंधांत रुग्णांची बाजू असते आणि कंट्रोलच्या जागी नुसतं 'निरोगी स्वयंसेवक' असतं. गटांना 'स्किझोफ्रेनिक' आणि 'नॉर्मल' म्हणू नका. स्किझोफ्रेनिया असलेल्या व्यक्ती आणि कंट्रोल, एवढं पुरतं.

मर्यादांच्या परिच्छेदात 'नमुना लहान होता' याच्या पुढे जा. कंट्रोल कसे मिळाले आणि त्यामुळे निकाल कोणत्या दिशेला झुकला असेल, ते लिहा. उदाहरणार्थ: 'कंट्रोल नेत्र आणि अस्थिविभागांत रुग्णांसोबत आलेल्या व्यक्तींमधून घेतले. रुग्णाला घेऊन रुग्णालयात येण्याची जबाबदारी घरातल्या हुशार आणि जाणत्या माणसावर येण्याची शक्यता जास्त असते. त्यामुळे आढळलेला फरक प्रत्यक्षापेक्षा थोडा मोठा असू शकतो.' परीक्षक यावर प्रश्न विचारतील, त्याचं उत्तर तयार ठेवा. पुढच्या वर्षी त्याच ओपीडीत हाच विषय घेणाऱ्या विद्यार्थ्याला कंट्रोल आणखी कोणत्या विभागातून घ्यायला हवेत, हे याच तीन वाक्यांतून कळेल.